धूर गेला की आत न्या

१ डिसें. ९६, रविवार

थंडी पडली. सुरतेतली थंडी म्हणजे पहाटे हाडात शिरते आणि दहा वाजता पंखा लावावासा वाटतो. नाशिकहून भाऊ आला की हसतो, तुमच्याकडे कसली आलीय थंडी म्हणतो. हसू दे. रात्रभर उशी मांडीवर घेऊन बसलेल्या सौ.ला येऊन बघ म्हणावं.

सौ.चा दम यंदा लवकर सुरू झाला. पहाटे पातेलंभर पाणी उकळून वाफ दिली. गॅस जपूनच. बाटला, म्हणजे सिलिंडर, एकच. दुसऱ्यासाठी नाव घातलंय, ते कुठल्या वहीत आहे देव जाणे. हीटरचा रॉड लावला की फ्यूज उडतो. वायरमन म्हणतो सगळी वायरिंग बदला. बदलतो हं, पेन्शनीत.

शेजारी गोदाबाईंची शेगडी पहाटेच गॅलरीत पेटते. त्यांचा मुलगा भिका लूमवर रात्रपाळीला. सकाळी येताना कारखान्यातले पुठ्ठ्याचे कोन आणि नायलॉनचं वेस्ट सूत पिशवी भरून आणतो. तेच पेटवण, वर कोळसा. त्याचा काळा धूर सरळ आमच्या खिडकीत. खिडकी लावली की सौ. म्हणते गुदमरतंय. उघडली की धूर. करायचं काय माणसाने?

४ डिसें., बुध

डॉ.कडे नेलं. रिक्षात थंडी वाजली म्हणून सौ. माझ्यावर चिडली, जसा वारा मीच सोडला होता.

डॉ. म्हणाले, "दोन गोष्टी लक्षात ठेवा. धुराचा वाससुद्धा नको, आणि गार लागू द्यायचं नाही. हे दोन महिने सांभाळलंत तर हिवाळा काढतील. मागच्यासारखं झालं तर मी काही सांगू शकत नाही." मागच्या हिवाळ्यात आठवडाभर ऑक्सिजनवर होती. हे तिच्यासमोर बोलायचं असतं का?

परत आल्यावर गोदाबाईंशी बोललो. नीटच बोललो. म्हटलं, शेगडीचा धूर हिला बाधतो. त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मास्तर, मंग पाणी कसावर तपाडू?" गॅस नाही. रेशनकार्ड चाळीसगावकडचं, त्यावर इथे घासलेट मिळत नाही. पहाटे गरम पाण्याने अंघोळ आणि मग गुडघे शेकत बसणं, एवढंच त्या बाईचं सुख. वय सौ.पेक्षा जास्तच असेल.

"बघा काहीतरी" म्हणून आत आलो.

६ डिसें.

एक गंमत आज ध्यानात आली. गंमत कसली. पहाटे सौ. खोकते तेव्हा भिंतीपलीकडून गोदाबाई खोकतात. ही थांबली की त्या. विचारलं तर म्हणते, "तुम्हाला आत्ता कळलं? दोन वर्षं झाली. त्यांनी आधी सुरू केलं तर मी उत्तर देते." कशासाठी, तर "कळतं ना, की आहेत." म्हटलं, धन्य आहात.

८ डिसें., रविवार

सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरी म्हणून विषय मीच मांडला. कॉमन गॅलरीत शेगडी, चूल, स्टोव्ह पेटवू नये. पेटवल्यास दंड. चेअरमन रमणभाई वरच्या मजल्यावर राहतात, त्यांचे वाळत घातलेले कपडे काळे होतात. ते खूश. "मास्तरसाहेब, घणुं सरस. धुमाडो बंद एटले बंद." हात वर झाले, ठराव पास. ज्यांच्याकडे गॅस नाही त्यांच्यापैकी कोणी मीटिंगला नव्हतं. रविवारीसुद्धा पाळी असते त्यांना.

फळ्यावर मराठी आणि गुजराती दोन्हीत मीच लिहिलं. अक्षर अजून चांगलं येतं. झालं एक काम मार्गी, असं वाटलं.

१२ डिसें.

खिडकी उघडी ठेवून झोपलो. हवा स्वच्छ. सौ. सलग झोपली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, उगीच.

चहाच्या वेळी म्हणाली, "गोदाबाई पाणी कशावर तापवत असतील?"

"त्यांचं त्या बघतील."

भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

१७ डिसें., मंगळ

दूध आणायला निघालो तर जिन्यात गोदाबाई. वरून खाली येत होत्या, पदराने धरून शेगडी. गुडघे धड नाहीत, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत येतात. मला पाहून वर्गात उशिरा आलेल्या पोरीसारख्या थबकल्या.

"गच्चीवरच पेटाडी मास्तर. धूर ग्या. आते मझार लई जाऊ का?"

बघितलं. निखारे लालबुंद, धुराचा मागमूस नाही. म्हटलं, "धूर गेला की आत न्या. मला काही म्हणायचं नाही."

केवढ्या खूश झाल्या. "भलं व्हई तुमनं" म्हणाल्या. मीही खूशच. नियम मोडला नाही, बाईंचंही भागलं. घरी येऊन सौ.ला सांगितलं तर तिने उठून स्वतः माझा चहा केला.

२३ डिसें.

गारठा वाढला. रमणभाई तक्रार घेऊन आले. गोदाबाईंच्या दारावरच्या झरोक्यातून गॅलरीत जळका वास येतो म्हणे. मला तर आला नाही. तरी सेक्रेटरी ना, जाऊन सांगितलं.

दुपारी बघतो तर भिका स्टुलावर चढून झरोक्यात पुठ्ठा ठोकतोय, फटीत चिंध्या. "आता नाही यायचा वास, सर. आईला वाराही लागायचा नाही." शहाणा आहेस म्हटलं. पोरगं पाळी करून आलं होतं, झोप सोडून हे करत होतं. हजीऱ्याला, गॅसच्या कारखान्यांकडे, कोणाकडे तरी गेला होता म्हणे. "सर, तिकडे चिमणीच्या टोकावर गॅस नुसताच जळत असतो आभाळात, रात्रंदिवस. आणि आपल्याला..." तोंडात खिळा धरून पुन्हा ठोकायला लागला. पाइपने गॅस येणार म्हणून मोठ्या रस्त्याला खणून ठेवलंय, ते ऐकतोच आहे.

२ जाने. ९७, गुरु

झालं ते लिहितो.

पहाटे सौ. खोकली. थांबली. परत खोकली. मला हलवलं, "अहो, गोदाबाईंचा आवाज नाही." म्हटलं झोपल्या असतील. "त्या? ह्या वेळेला?" मी कूस बदलली. ती उठली, अनवाणीच, शाल न घेता. दार वाजवायला लागली शेजारचं. मग मी धावलो.

आतून कडी. भिका पाळीवर. मी हाका मारतोय आणि कडी काही निघत नाही. रमणभाई वरून आले, बंडीवरच, खांद्याने दोन धक्के दिले आणि दार उघडलं.

आत छान उबदार होतं. हेच डोक्यातून जात नाही. इतकी सुरेख ऊब आमच्या घरात कधी नसते. धूर अजिबात नाही, वास नाही. दाराखालच्या फटीला गोधडी लावलेली. शेगडी खाटेखाली, बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवतात तशी, ओव्याची पुरचुंडी बाजूला. आणि वर गोदाबाई, तोंड उघडं, हाकेला ओ नाही.

गॅलरीत आणलं. वाऱ्यावर काही वेळाने उलटी झाली, डोळे उघडले पण कोणाला ओळखेनात. रमणभाईंनीच रिक्षात घातलं, दवाखान्यापर्यंत मांडीवर डोकं घेऊन बसले.

सौ. गॅलरीत उभी राहिली ती अंग गार पडेपर्यंत. आता छाती वाजतेय तिची.

३ जाने.

वाचल्या. डोकं दुखतंय, उभं राहिलं की भोवळ येते, पण वाचल्या.

तिथला डॉ. तरुण आहे. मला समजावून सांगत होता, "काका, कोळशाचा धूर संपला म्हणजे काही उरलं नाही असं नसतं. बंद खोलीत निखाऱ्यातून जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही."

मान हलवत ऐकून घेतलं. सातवीला विज्ञान होतं माझ्याकडे. दरवर्षी हा धडा. फळ्यावर हेच वाक्य, रंग नाही वास नाही, पोरं कोरसमध्ये म्हणायची.

गावाकडे गोदाबाईंचं घर कौलारू. खाटेखाली शेगडी ठेवून सहा बाळंतपणं झाली म्हणाल्या, कौलांतून सगळं निघून जायचं. इथे वर स्लॅब, झरोक्यात पुठ्ठा, दाराला गोधडी. गॅलरीत वास जाऊन शेजारच्या बाईला त्रास नको म्हणून गोधडी.

डॉ.ना अभिमानाने सांगत होत्या, "मी गच्चीवरच पेटाडस रोज. मास्तरनी सांगेल व्हतं, धूर ग्या का मझार ल्या." तक्रार नव्हती त्यात. नियम पाळला हे सांगत होत्या.

सौ. हट्टाने दवाखान्यात आली होती. तिने माझ्याकडे बघितलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

५ जाने., रविवार

गोदाबाई घरी आल्या. सौ.ने हुकूम काढला, यापुढे त्यांचं अंघोळीचं पाणी आपल्या गॅसवर. म्हटलं, बाटला एकच आहे. "मला माहीत आहे." म्हटलं, तुझी वाफ? "ती पण."

पुठ्ठा भिकाने काढून टाकलाय. झरोक्यातून वारा भणाणतो.

७ जाने.

सकाळी स्वयंपाकघरात दोघी. पाणी तापेपर्यंत ओट्याला टेकून बसतात, गॅसच्या जाळावर आळीपाळीने तळहात धरतात. जाळ चालू राहतो. मी बाहेरून खाकरतो. सौ. म्हणते, "ऐकू आलं." आणि बंद करत नाही.

गोदाबाई गावच्या थंडीच्या गोष्टी सांगतात. "हाई काय थंडी शे? आमनाकडे दखा, पानी गोठस." मग इथे कुडकुडता कशाला? तर म्हणे तिकडे दिवसभर शेतात असायचं, अंग गरम असायचं, इथे बसून बसून गारठतं. खरं आहे. मलाही शाळा सुटल्यापासून थंडी जास्त वाजते.

सौ. हसली आज. हसताना खोकला आला, तरी हसली. धूर बंद झाल्यावर झोप लागत होती, पण ती हसली नव्हती.

९ जाने., गुरु

बाटल्याचा नंबर लावला. एजन्सीवाला म्हणतो माल नाही, सणानंतर या. रेशनवर घासलेट मागायला गेलो तर कार्डावरचा शिक्का दाखवला, गॅसवाल्यांना मिळणार नाही. बरोबरच आहे. आम्ही गॅसवाले.

११ जाने., शनि

सकाळी जाळ पिवळा पडला. बाटला हलवला, आडवा केला, पुन्हा जाळ धरला. चहा होईपर्यंत टिकला आणि गेला.

वाफ नाही. गरम पाणी नाही. वरच्या मजल्यावरून एक तांब्या मागून आणला, रोज कोणाकडे मागणार. रॉड लावून पाहिला, फ्यूज उडाला, शेजारच्या दोन घरांत अंधार. बोलणी खाल्ली.

गोदाबाई दारात उभ्या. "मन्हामुळे सरना तुमना गॅस." सौ. म्हणाली, असं काही नाही हो. पण होतं तसं. मी गप्प बसलो, ते त्यांना कळलं असावं.

१२ जाने., रविवार

भिका आईला गावी घेऊन निघाला. एकाएकी ठरवलं. "तिकडे लाकडं तरी आहेत, सर. आणि अंगण आहे." तिकडे कोण आहे तर दीर, तोही म्हातारा, आणि त्याच्या सुना. गोदाबाईंना जायचं नव्हतं. तोंडाने काही म्हणाल्या नाहीत, गाठोडं मात्र तीनदा सोडलं आणि बांधलं.

सौ. थांबा म्हणाली नाही. काय म्हणणार? शेगडी पेटली तर हिला दम, नाही पेटली तर त्यांना गारठा, आणि गॅस दोघींना नाही.

संध्याकाळच्या पॅसेंजरने गेले. जाताना शेगडी आमच्या दाराशी ठेवून गेल्या, राखेने घासून लख्ख केलेली, शेजारी कोळशाचं पोतं. "बाईले लागी."

१३ जाने., भोगी

आज बायकांनी पहाटे न्हायचं असतं. सौ. म्हणाली गार पाण्याने न्हाते, सण आहे. मी आवाज चढवला. खूप चढवला. मग ती बसून राहिली, केस मोकळे सोडून, तिळाचं तेल नुसतंच बोटावर. बाजरीच्या भाकरी वरच्या मजल्यावरून रमणभाईंच्या घरच्यांनी करून पाठवल्या. मी न सांगता. माणूस वाईट नाही.

बाटला नाही.

१४ जाने., मंगळ, संक्रांत

सगळी सुरत गच्चीवर. पतंग, भोंगे, आरडाओरडा. खाली फक्त आम्ही दोघं.

पहाटे सौ. खोकली. थांबली. भिंतीकडे कान. परत एकदा खोकली, मुद्दाम, मला कळलं. मी पलीकडून खोकून दाखवणार होतो, वेड्यासारखं. नाही केलं.

तिळगुळाची वाटी समोर ठेवून बसली होती. "पहिला त्यांना द्यायची." म्हटलं, मला दे. दिला. त्यावर काय बोलायचं असतं ते दोघंही बोललो नाही.

१६ जाने.

डॉ. घरी येऊन गेले. छातीत कफ. इंजेक्शन. "गार लागलंय. मी सांगितलं होतं ना, ऊब पाहिजे." हो, सांगितलं होतं. दवाखान्यात ठेवायचं का, तर दोन दिवस बघू म्हणाले. बडोद्याहून मुलीचा फोन शेजारी आला होता, आमच्याकडे घेऊन या म्हणते. सौ. प्रवासाला उभी राहू शकत नाही हे तिला कसं सांगू.

बाटला नाही. एजन्सीवाला आता मला बघून आत जातो.

१८ जाने., शनि

भिका परत आला, एकटाच. पाळी बुडवून चालत नाही. आई कशी आहे विचारलं. "बरी आहे. थंडी लई आहे तिकडे." एवढंच. मग म्हणाला, होळीनंतर आणीन. सौ. आतून म्हणाली, "आण रे बाबा." होळीपर्यंतचा हिशोब तिने मनात केला की नाही, माहीत नाही. मी केला.

रमणभाईंना म्हटलं, उद्या संध्याकाळी मीटिंग बोलवा. गॅलरीच्या टोकाला, जिथे वारा आहे, तिथे एक जागा ठेवू. ज्यांच्याकडे जळण दुसरं नाही त्यांनी कोळसाच पेटवायचा, सूत नाही. रमणभाई म्हणाले, "मास्तर, आ नियम तो तमे ज लाव्या हता." हो, मीच. ते म्हणाले, माझं काही नाही, पण हात वर करणार कोण? ज्यांच्याकडे गॅस आहे तेच मीटिंगला येतात.

१९ जाने., रविवार

रात्र वाईट. पहाटे सौ.चे ओठ निळसर वाटले, दिवा जवळ नेऊन बघितलं. पाय बर्फ. गोधड्या सगळ्या घातल्या. वाफ द्यायला काही नाही.

उठलो. गोदाबाईंची शेगडी घेतली, गॅलरीत ठेवली, माझ्या अक्षरातल्या फळ्याखालीच जागा सोयीची होती. पेटवता येईना. नारळाच्या करवंट्या घातल्या, फुंकणी नाही म्हणून वही गुंडाळून फुंकलं. धूर डोळ्यांत गेला, छातीत गेला. गोदाबाई हे रोज करत होत्या.

वरून आवाज, "कोण सळगावे छे?"

"मी. मास्तर."

वर दार लावल्याचा आवाज.

पाणी तापलं. तिला आतल्या खोलीत वाफ दिली, पाय शेकले, गरम पाण्याने तोंड पुसलं. रंग थोडा आला. मग उरलेल्या पाण्याने केसही धुऊन दे म्हणाली, भोगीचे राहिलेत. म्हटलं, उद्या. "उद्याचं उद्या," म्हणाली, पण हट्ट नाही केला.

बाहेर निखारे लाल झाले. धूर पूर्ण गेला. सौ. शाल गुंडाळून दाराशी आली, दात वाजत होते. म्हणाली, "धूर गेला की हो. आत घ्या ना आता शेगडी."

उचलली. उंबऱ्यापर्यंत गेलो आणि पाय पुढे पडेना. ती आतून हात पुढे करून उभी. शेवटी उंबऱ्यातच ठेवली, दार सताड उघडं टाकून. आम्ही दोघं आतल्या बाजूला बसलो. दार उघडं, त्यामुळे ऊब बरीचशी गॅलरीत जात होती. मध्येच ती खोकली, आणि थांबली.

आज संध्याकाळी मीटिंग. बाटला नाही.